पाणी घालणाऱ्याच्या वाट्याला झारी

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, निवृत्त टंकलेखिका, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या संतापाने, पण पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. छत्तीस वर्षे वकिलाच्या कचेरीत मी दुसऱ्यांची मृत्युपत्रे टंकलिखित केली. त्यांत 'प्रेमापोटी' हा शब्द किती खोटेपणाने येतो ते मला ठाऊक आहे. या कागदात तो पुन्हा येणार नाही. माझी यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. घराचा वरचा मजला व गच्ची माझ्या एकटीच्या मालकीची आहे. खालचा मजला धाकट्या भावाचा. गच्चीवर माझी सेडमची झाडे होती, त्रेसष्ट कुंड्या. बुटकी, जाड रसाळ पानांची, दगडाच्या फटीतही तग धरणारी झाडे. त्यांना खडी मिसळलेली माती, कुंडीला मोठे भोक आणि भरपूर ऊन लागते. पाणी द्यायचे ते माती ठणठणीत कोरडी झाल्यावरच. उपासमार त्यांना चालते, पण लाड केले की मुळापासून कुजतात. हे मी घरातल्या प्रत्येकाला कानीकपाळी ओरडून सांगितले होते.

कलम २. सहा वर्षांपूर्वी मांडीचे हाड मोडून मी पाच आठवडे रुग्णालयात होते. जाताना गच्चीच्या दारावर ठळक अक्षरांत कागद लावला होता, 'पाणी घालू नये'. परत आले तेव्हा कागद नव्हता आणि कुंड्यांत काळा लगदा होता. भावजय जिन्यात उभी होती. "वन्सं, चुकलं माझं. रोज पाणी घातलं मी," एवढेच म्हणाली. त्या दिवसापासून मी तिच्याशी अवाक्षर बोलले नाही. महिन्याभराने तिच्या खिडकीवरच्या पत्र्यावर, जुन्या डब्यांत, माझीच सेडम दिसली. मी तिला चोर ठरवून वकिलाची नोटीस धाडली. उत्तर आले नाही. डबेही हलले नाहीत.

कलम ३. गेल्या महिन्यात भाची, म्हणजे भावाची मुलगी, वर आली.

"आत्या, पाणी बाबा घालत होते. दारावरचा कागदही त्यांनीच काढला. झाडं गेली की तू गच्ची सोडशील, मग वर खोली चढवता येईल, असं म्हणायचे. त्यांची पाठ वळली की आई कुंड्या आडव्या करून पाणी काढायची. जे शेंडे वाचले ते तिनं डब्यांत लावले."

"मग तिनं स्वतःवर का घेतलं?"

"तू बाबांचं तोंड पाहिलं नसतंस. आई म्हणाली, तिच्याशी तू नाहीतरी कधी धड बोलत नव्हतीस."

मी खाली जाऊन भावाला जाब विचारला. "झाडांना पाणी घातलं हा काय गुन्हा झाला, ताई?" असे तो वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाला.

कलम ४. म्हणून धाकट्या भावास माझी पत्र्याची झारी द्यावी. ती त्याने रोज भरावी आणि रोज रिकामी करावी. दुसरे काहीही देऊ नये. खोलीचा नकाशा त्याच्याच कपाटात आहे, त्यावर मी हक्क सांगत नाही.

कलम ५. टंकलेखन यंत्र भाचीला. त्यात 'र' अडकतो. खरे बोलायला तिने सहा वर्षे लावली, सबब यंत्राची शाईची फीत तिने पदरच्या पैशांनी आणावी.

कलम ६. वरचा मजला व गच्ची भावजयीस, तिच्या एकटीच्या नावे. तिने ती नवऱ्याच्या नावे केल्यास, किंवा त्याला तिथे एक वीटही रचू दिल्यास, सर्व काही भाचीकडे जावे. हे बक्षीस समजू नये. मला तिचा अजून राग आहे. माझा सहा वर्षांचा राग तिने मुकाट्याने अंगावर घेतला आणि मला तो चुकीच्या माणसावर खर्च करू दिला. हे मी तिला माफ करणार नाही.

कलम ७. काल मी जिना उतरून तिच्या दारात गेले आणि सेडमची एक फांदी मागितली. तिने पत्र्यावरचा एक डबा पुढे ओढला.

"चोरीची चालेल का, वन्सं?"

चालेल, मी म्हणाले. फांदी आता माझ्या खिडकीत आहे. तुटलेली जागा सुकायला तीन-चार दिवस लागतात, ओली लावली तर कुजते. गुरुवारी मी ती लावणार आहे. तोवर माझे काही बरेवाईट झाले, तर ती भावजयीने लावावी. पाणी केव्हा द्यायचे ते तिला कोणी सांगू नये.

स्थळ: गच्ची, पाण्याच्या टाकीच्या सावलीत
दिनांक: सोमवार, ४ मार्च २०२४
सही: (टंकलेखिका)

आम्हा दोघांसमक्ष तिने सही केली व तिच्यासमक्ष आम्ही केली:
१. रोपवाटिकेवाला
२. समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर

टीप: ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, म्हणून भावजयीला सही करू दिलेली नाही. ती दाराबाहेर बसून कुंडीसाठी खडी चाळते आहे.