जाम: झाडाचा की बाटलीचा

राणीसावरगाव,
जून १९८६

तीर्थस्वरूप दिनकरराव दाजींना आणि कमलअक्काला भुजंगचा दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे माय, बायना, पोरगी आणि दोन्ही बैल तुमच्या आशीर्वादाने सुखरूप आहेत. (बैलांची खुशाली आधी लिहिणार होतो, पण माय शेजारी बसली आहे आणि लिहिलेलं वाचून दाखव म्हणते.) मायचे गुडघे तुम्ही दिलेल्या तेलाने बरे आहेत, म्हणजे दुखतात, पण तेलाचा वास आला की दुखण्याकडे लक्ष राहत नाही. तुमच्या पोटाची तक्रार कशी आहे ते कळवा. अक्काच्या हातचं तिखट लहानपणापासून आमच्या माहितीचं आहे, तेव्हा काळजी वाटते.

पत्र लिहिण्यास कारण की, इंग्रजी शाळेत आमच्या पोरीची, दैवशालाची, मुलाखत झाली त्या दिवशी तुम्ही रेल्वेच्या कामाने सेलूला होतात आणि अक्का शाळेच्या फाटकाबाहेर लिंबाखाली बसली होती. आत मी होतो. तरीही 'आमच्या भुजंगानं मॅडमशी भांडण केलं' असं अक्का तुम्हाला म्हणाल्याचं पिंगळीच्या एका ओळखीच्या माणसाकडून कानावर आलं. दाजी, भांडण झालं नाही. चर्चा झाली. ती कशावरून झाली हे समजायचं तर सुरुवातीपासून सांगायला पाहिजे.

पाडव्याला तुम्ही आमच्याकडे आला होतात तेव्हा तुम्हीच म्हणालात की पोरगी शाळेच्या वयाची झाली, तिला परभणीला आमच्याकडे राहू द्या, इंग्रजी शाळेत घालू. दसऱ्यानंतर आमची टोळी ऊस तोडायला कारखान्यावर निघते ते उन्हाळा लागेपर्यंत. मायसुद्धा तिथल्या झोपडीत, कोपीवर, भाकरी करायला बरोबर असते, त्यामुळे पोरीला मागे ठेवायला घरी कोणी नसतं, आणि पाचटाच्या कोपीत शाळा कुठली. तेव्हा तुमचं बोलणं आम्हाला देवानं पाठवल्यासारखं वाटलं. मग तुम्ही तो फळांचा रंगीत तक्ता दिलात आणि म्हणालात, मुलाखतीत ही नावं इंग्रजीत विचारतात, तेवढी पाठ करून घ्या. दाजी, त्या 'तेवढी'नं आमचा सगळा उन्हाळा खाल्ला.

शिकवायला मी बसलो, कारण घरात सातवी पास मी एकटाच. (बायना चौथी पास आहे, पण ती नवऱ्यालाच म्हणते माझी चौथी तुमच्या सातवीपेक्षा पक्की. ते असो.) पहिल्याच चित्रावर गाडी अडली. ॲपल. ते कोणी पाहिलेलं नव्हतं. माय म्हणाली हा टमाटाच हाय, जरा जास्त पिकलेला. मी सांगितलं सफरचंद आहे, काश्मीरला लागतं. पोरगी म्हणाली, मग काश्मीरच्या पोरांना इचारा की, मला कामून इचारायलेत? मी घाईनं दुसऱ्या चित्रावर बोट ठेवलं.

दुसरं मँगो. पोरगी दिवसभर अंगणात मँगो मँगो करत फिरली तेव्हा माय आतून ओरडली, "मागो मागो कामून करायलीस गं, मागायची काय येळ आली आपल्यावर?" तिसरं बनाना. ते पोरीनं गंगाखेडच्या बाजारात नेऊन वापरलं. केळीवाल्या चाचांसमोर उभं राहून मोठ्यानं म्हणाली, बनाना. चाचांनी आधी हातगाडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि म्हणाले, "बनाना कायकू बेटी, बने बनाये हैं, तू बस खा." आणि एक केळ दिलं. तेव्हापासून इंग्रजी बोललं की केळ मिळतं अशी तिची समजूत झाली, आणि गल्लीतली सगळी पोरं आमच्या ओट्यावर शिकायला येऊन बसू लागली. पपयाला मात्र तिनं साफ नकार दिला. ही तर आपली पपईच हाय, हिला इंग्रजी कामून म्हनायलाव, असं तिचं म्हणणं. मी फसवतो आहे असं तिला वाटलं. ते चित्र दाखवलं की ती तोंड मिटून घेत असे.

पण खरा घोळ झाला तो जामाचा. आपल्या बांधावरच्या झाडाला येतात ते जाम. तुम्ही ते पोत्यानं खाल्ले आहेत (तुमच्या पोटाचं मूळ मला तिथेच वाटतं). तक्त्यावर त्या चित्राखाली इंग्रजीत ग्वाव्हा आणि मराठीत पेरू असं छापलेलं. आपल्याकडे पेरू म्हणतं कोण? मी मोठ्यानं वाचलं, ग्वाव्हा, पेरू. मायनं ऐकलं गव्हा पेरू. ती सूप टाकून बाहेर आली आणि म्हणाली, "डोकं फिरलं का रं तुझं? उन्हाळ्यात गहू पेरायला निघालास?" मी समजावलं की जामाला इंग्रजीत ग्वाव्हा म्हणतात. तिला ते पटलं नाही. ज्यांना जाम आन् गहू येगळा कळंना त्यांच्या शाळेत पोरगी घालायलाव, एवढं बोलून ती आत गेली. त्यामुळे मी पोरीला सांगितलं की तू पेरू विसरून जा, जाम म्हणजे ग्वाव्हा एवढंच ध्यानात ठेव. तिनं ते पक्कं ध्यानात ठेवलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

मुलाखतीत मॅडम चांगल्या होत्या, हे मी अक्कासमोरही कबूल करेन. नुकत्याच मुंबईकडून आलेल्या, बोलणं मऊ. त्यांनी एकेक चित्र दाखवलं आणि पोरगी धडाधड बोलत गेली. ॲपल, मँगो, बनाना. (बनाना म्हटल्यावर तिनं हात पुढे केला. मॅडमना वाटलं हस्तांदोलन. त्यांनी हात हातात घेऊन हलवला. पोरगी केळाची वाट बघत राहिली.) पपईला तोंड मिटलं, ते अपेक्षितच होतं. पण जामाचं चित्र आलं आणि तिनं असं खणखणीत ग्वाव्हा म्हटलं की माझा ऊर भरून आला. दाजी, खोटं कशाला लिहू, मी खुर्चीत ताठ बसलो.

मॅडम खूश झाल्या. मराठीत म्हणाल्या, छान, आता तुला कोणतं फळ आवडतं ते सांग. पोरगी म्हणाली, जाम. मॅडम हसून म्हणाल्या, जाम हे फळ नसतं बाळा, जाम बाटलीत असतो. आता बाटलीतला जाम म्हटल्यावर मला भलतीच शंका आली. लेकराशी हे काय बोलणं? म्हणून मी उठलो आणि नम्रपणे सांगितलं की मॅडम, आमच्यात कुणी बाटलीला शिवत नाही, जाम म्हणजे ग्वाव्हा. त्या म्हणाल्या, ग्वाव्हा म्हणजे पेरू. मी म्हटलं, तोच जाम. त्या म्हणाल्या, पेरूचा जाम करता येतो. मी म्हटलं, तो आधीच जाम आहे, त्याचा पुन्हा जाम कसा करणार? यात माझा आवाज थोडा चढला असेल. अक्काला फाटकाबाहेर तेवढं बाटली, बाटली ऐकू गेलं आणि तिनं पुढचं मनानं जोडलं.

शेवट पोरीनं केला. ती टेबलाजवळ गेली आणि म्हणाली, "तुमी चला आमच्या बांधावर. पाऊस पडला की झाडाला लय जाम लागतेत. बाटली एक बी न्हाई." मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पोरीला बिस्कीट दिलं, आणि मला म्हणाल्या की जागा थोड्या आहेत, कार्ड टाकून कळवू. असं ऐकल्यावर आपण काय समजायचं ते मी समजलो. परतीच्या गाडीत पोरगी म्हणाली, "मला येत व्हतं की बाबा, मग कामून न्हाई म्हनल्या?" मी तिला खिडकीबाहेरच्या म्हशी दाखवल्या.

तरी तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. शाळेनं नाही घेतलं तर आमचं काही अडत नाही. तुमच्या शब्दाला मान म्हणून एवढं केलं. इंग्रजीवाचून आमच्या सात पिढ्या पोटभर जेवल्या, आणि पोरगी आमच्याबरोबर कारखान्यावर मजेत राहते. मायही हेच म्हणते. थोरांना नमस्कार, अक्काला सांगा की भांडण झालं नाही.

तुमचा लहान मेहुणा,
भुजंग

ता. क. तक्ता इतक्यात परत मागू नका. गल्लीतली पोरं सोडत नाहीत. केळीवाले चाचा मात्र आता आमच्या गल्लीतलं पोर दिसलं की हातगाडीवर फडकं टाकतात.

ता. क. दुसरा. माय आता झोपली आहे. इथून पुढचं तिला वाचून दाखवणार नाही. लेकीच्या सासरी नात ठेवायची म्हणजे तिला कमीपणा वाटतो, म्हणून वर 'अडत नाही' असं लिहिलं. दाजी, अडतं. गेल्या साली पोरगी कोपीवर दिवसभर उसाची वाढी, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, गोळा करत होती, पानांनी हात कापायचे आणि रात्री ते मला दाखवायची. इंग्रजी शाळेचं कार्ड येवो न येवो, तुमच्या घरामागच्या मराठी शाळेत तिचं नाव घाला आणि तिला ठेवून घ्या. खाते थोडं. झोपताना पाठीवर हात ठेवावा लागतो, तेवढं अक्काला सांगा.

ता. क. शेवटचा. काल तिनं मला विचारलं की उसाला इंग्रजीत काय म्हणतात. तक्त्यावर ऊस नाही आणि मलाही ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक असेल, पण तिनं विचारलं तर सांगू नका. बाकी सगळी इंग्रजी शिकवा, तो एक शब्द तिला नाही आला तरी चालेल.