गुरुवारी शांत असतं

सोमवार, ६ जानेवारी

खोली २ च्या पाहुण्याने बेसिनमध्ये मोजे धुतले आणि खिडकीच्या गजांवर वाळत घातले. खाली अंगणात दुसरा पाहुणा पोहे खात होता. त्याच्या बशीत वरून थेंब. मी वर जाऊन म्हटलं, "दोरी गच्चीवर आहे. गज चोरांसाठी आहेत." हसला. दुपारी इंटरनेटवर लिहून मोकळा: पोहे उत्तम, मालकीण रागीट, तीन तारे. दोन तारे कुणाचे कापले, पोह्यांचे की माझे?

गेस्ट हाऊस विकायला काढून दोन वर्षं होत आली. अशोक असता तर विकलं नसतं. नवऱ्याचीच हौस ती. चाकणला कंपन्या येणार, इंजिनिअर येणार, त्यांना घरचं जेवण लागणार. सगळं त्याच्या म्हणण्याप्रमाणे झालं, फक्त तो गेला आणि गरम पाणी कधी येणार हे सगळे मला विचारतात. 'अशोकवन' हे नावही त्याचंच. त्या वनात कोण बसून होतं, हे मी त्याच्या लक्षात आणून दिलं तोवर पाटी रंगवून झाली होती.

रात्री मेघाचा फोन. रावेतला तिच्याच सोसायटीत तळमजल्यावरचा फ्लॅट निघालाय. मालक महिनाअखेरपर्यंत थांबेल. "आई, तुझे गुडघे आणि तुझा तो जिना." जिना चढताना गुडघे काय बोलतात ते इथे लिहीत नाही. कॉन्व्हेंटचं शिक्षण आहे.

बुधवार, ८ जानेवारी

दत्ता आला. आम्ही ही जागा याच्या वडिलांकडून घेतली तेव्हा हा कांद्याच्या चाळीत लपाछपी खेळायचा. आता पांढरे बूट, दोन फोन, जमिनीची दलाली.

"मॅडम, मुंबईचं गिऱ्हाईक हाय. रिटायर जोडपं. शांत जागा पायजे त्यास्नी. उद्या आणतो."

"उद्या गुरुवार."

"म्हणून तर!"

गुरुवार म्हणजे आमच्या पट्ट्याचा रविवार. दुरुस्तीसाठी वीज बंद, म्हणून कारखाने बंद, ट्रक रस्त्याकडेला गप्प. आणि आमच्या कुंपणामागची प्रेसही बंद. बाकी सहा दिवस, तिन्ही पाळ्या, ती लोखंडी पत्रा ठोकत असते. धप्प. धप्प. टेबलावरची बशी चालायला लागते. आम्ही घर बांधलं तेव्हा मागे कांदा होता. कांद्याचा आवाज येत नाही.

"आणि प्रेसचं काय सांगायचं?"

"इचारलं तर सांगू की. इचारलंच न्हाई तर आपण कशाला तोंड उघडायचं? ह्यात खोटं काय हाय, मॅडम?"

प्रेसची जागा याच्याच घराण्याची. भाडं तिकडून, दलाली इकडून. हे मी त्याला ऐकवलं. लाजला नाही. म्हणाला, "धंदा हाय, मॅडम."

मी "बरं" म्हटलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

गुरुवार, ९ जानेवारी

सामंत पतिपत्नी. वसुधाबाई शाळेत गणित शिकवायच्या, अजूनही समोरच्याकडे तसंच बघतात, उत्तर चुकलंय अशा नजरेने. सामंत उंच, मवाळ, डोळ्यांखाली काळं.

आमच्याकडे घर दाखवायचं म्हणजे एक कसरत. पाहुणे पाळ्यांवर जातात, त्यामुळे कुठल्या ना कुठल्या खोलीत भरदिवसा कुणीतरी घोरत असतं. खो. ३ मध्ये मुरुगन. कोइम्बतूरहून कंपनीत यंत्र बसवायला आलाय, पोंगलचीही सुट्टी मिळणार नाही म्हणून चिडलेला. रात्रपाळी करून आला होता. मी दार टाळून पुढे निघाले, तर तोच डोळे चोळत बाहेर. "मॅडम, टुडे नो साउंड! हाउ टु स्लीप?"

दत्ताने सामंतांना आंब्याचा मोहोर दाखवायला जवळजवळ ओढत नेलं. वसुधाबाई मला म्हणाल्या, "किती छान. एवढी शांतता की लोकांना सवय नाही."

मी मुरुगनला खोलीत परत पाठवलं.

सिंधू बोलली. सिंधू माझ्याकडे स्वयंपाक करते, गावातली. घर विकलं की नवे मालक तिला ठेवणार नाहीत याची तिला खात्री. चहा ठेवता ठेवता म्हणाली, "इथं साप लई निघत्यात, बाई. लांबच्या लांब." मी डोळे वटारले. सामंत म्हणाले, "आमच्या सोसायटीत साप सोडून सगळं आहे. काही हरकत नाही."

मग ते व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत 'पाच मिनिटं' म्हणून टेकले आणि झोपले. तोंड उघडं, हात लोंबता. आम्ही कुजबुजत बोलायला लागलो. दत्ताने दोन्ही फोन बंद केले, हे मी प्रथमच पाहिलं.

वसुधाबाई स्वयंपाकघरात आल्या. म्हणाल्या, "ऑपरेशन झालं आणि यांची झोप गेली. गोळ्या घेऊनसुद्धा पहाटेपर्यंत भिंतीकडे बघत असतात. परवा मला म्हणाले, वसू, मी संपत चाललोय." पदराने नाक पुसलं. "असे दिवसाउजेडी झोपलेले मी किती महिन्यांनी बघतेय. घर आमचं झालं असं समजा."

मी म्हटलं, चहा गार झाला असेल, पुन्हा टाकते.



शुक्रवार, १० जानेवारी

वीज आली, प्रेस सुरू. मुरुगन ढाराढूर.

मेघाला कळवलं. आनंद. "बघ, मिळालं ना गिऱ्हाईक! पडद्यांची मापं पाठवू का?" मापं आली. सुती घ्यावेत, खालच्या मजल्यावर धूळ फार. अशोकचे बूट कपाटातून काढले, परत ठेवले, परत काढले. सिंधूला दिले तिच्या नवऱ्यासाठी. "मोठं व्हत्यात," म्हणाली, तरी घेऊन गेली.

रावेतला मला कुणी मॅडम म्हणणार नाही. गिझर बिघडला तर तो माझ्या एकटीचा बिघडेल. याची मी किती वाट बघतेय ते

(सिंधूने हाक मारली. गॅस संपला.)

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. सिंधूने तिळगूळ दिला. "गोड बोला, बाई." म्हटलं, संध्याकाळपर्यंत प्रयत्न करते. "दुपारपत्तूर केलासा तरी लई झालं," म्हणाली. जीभ माझ्याकडून घेतली आहे, पगार वेगळा.

वसुधाबाईंचा फोन. आता आम्ही रोज बोलतो. बाई चांगली आहे, हीच कटकट. आज विचारत होत्या, वरच्या मागच्या खोलीत पलंग खिडकीशी लावला तर? बागेची हवा येईल, यांचं डोकं खिडकीकडे राहील.

त्या खिडकीपासून प्रेसचा पत्रा दगड मारला तर लागेल इतका जवळ.

"लावता येईल," मी म्हटलं. लावता येतोच. खोटं नाही. पण कान असे तापले की फोन दुसऱ्या हातात घ्यावा लागला. नन्सनी मला इंग्रजी दिलं आणि हे तापणारे कान दिले. इंग्रजी आता फारसं लागत नाही.

बुधवार, १५ जानेवारी

मेघाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, प्रत्येक घरात काहीतरी असतंच. आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा एक्सप्रेसवेचा आवाज कुणी सांगितला होता आम्हाला?"

"आणि मग?"

"मग काय? झाली सवय."

तिचं ऐकून बरं वाटायला हवं होतं. तिची पोरं धडधाकट, ट्रकवर झोपवलं तरी झोपतील. सामंतांचं तसं नाही. हे मी तिला बोलले नाही. ती मग मला देवमाणूस वगैरे म्हणाली असती, उपहासाने. तो सूर ती कुणाकडून शिकली ते माहीत आहे.

गुरुवार, १६ जानेवारी

सामंत आले. इसार द्यायलाच आले होते. बरोबर त्यांची उशी. वसुधाबाई हसून म्हणाल्या, "आज यांना नीट पलंगावर झोपवून बघते." वरच्या मागच्या खोलीत दीड तास झोपले. खाली आले तेव्हा चेहराच निराळा. केस पोरासारखे उभे. म्हणाले, "बाई, तुमच्या घरात काहीतरी आहे."

दत्ता म्हणाला, "पुण्याई हाय साहेब, दुसरं काय!"

पुण्याई शब्द मला सहन झाला नाही. दत्ताच्या तोंडून तर नाहीच. ट्रे खाली ठेवला आणि सांगून टाकलं. कुंपणामागे प्रेस आहे. आज गुरुवार म्हणून बंद आहे. उद्या सकाळी सुरू होईल आणि पुढच्या गुरुवारपर्यंत थांबणार नाही. रात्रीसुद्धा.

दत्ता आढ्याकडे बघायला लागला.

वसुधाबाई: "मी रोज फोन करत होते तुम्हाला."

"हो."

"पलंग कुठे लावू, ते विचारलं मी तुम्हाला."

"हो."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"विकायचं होतं."

सामंतांनी शांतपणे विचारलं, किती मोठा आवाज? मी म्हटलं, मी सांगून उपयोग नाही, मला सवय आहे. शुक्रवारी या. माझे पाहुणे म्हणून राहा. ऐका, मग ठरवा.

वसुधाबाईंनी उशी उचलली आणि गाडीत जाऊन बसल्या. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दत्ता: "सोन्यासारखं गिऱ्हाईक, मॅडम! त्यांनी इचारलं व्हतं का? इचारलं व्हतं का?"

म्हटलं, एवढं वाटतं तर त्यांना तुझ्या घरी झोपायला ने. तुझं घर प्रेसपासून लांब आहे, त्याची काळजी बरोब्बर घेतली आहेस तू.

बुटांना माती लागली तरी न बघता निघून गेला.

शनिवार, १८ जानेवारी

मेघा अबोल. फोनवर अबोल राहायचं म्हणजे 'हं' आणि 'बघ बाई तुझं'. फ्लॅट बघायला दुसरं कुणीतरी येऊन गेलं म्हणे.

सिंधू मात्र खूश. न सांगता पुरणपोळी. "लई ब्येस केलंसा, बाई. खरं ते खरं." म्हटलं, तुझ्या नोकरीसाठी नाही केलं. "म्या कुटं म्हनलं?" पण तव्यापाशी गुणगुणत होती.

मला आता दोन्ही बाजूंचा राग येतो. जी शाबासकी देते ती स्वतःसाठी देते, जी रागावते ती माझ्यासाठी रागावते. आणि मी हे सगळं कशासाठी केलं, तर एक परका माणूस माझ्या खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपला म्हणून.

दुपारी प्रेसवर गेले. सुपरवायझर बीडचा, तरुण, नम्र. रात्रीची पाळी कमी होईल का, विचारलं. "मॅडम, ऑर्डर वाढलीय. उलट आणखी एक मशीन येणारंय." मला खुर्ची दिली, पाणी दिलं. आवाजात त्याचं 'पाणी घ्या'सुद्धा ओठांवरून ओळखावं लागलं.

बुधवार, २२ जानेवारी

स्वतः सामंतांचा फोन. "शुक्रवारी येतो."

मी म्हटलं, वसुधाबाई?

"ती येत नाही म्हणते. पण सकाळपासून बॅग भरतेय. रागावली की फार नीट भरते."

मी विचारलं, झोप कशी आहे? मग म्हणाले, "म्हणून तर येतोय, बाई. डॉक्टर शांत जागा म्हणाले. शांत जागा दोनदाच मिळाली, ती तुमच्याकडे. आवाजाचं काय ते येऊन बघतो."

फोन ठेवल्यावर वाटलं, येऊ नयेत. ते आले आणि पहाटेपर्यंत भिंतीकडे बघत बसले तर ते मला बघावं लागेल.

शुक्रवार, २४ जानेवारी

स. अकराला आले. प्रेस जोरात. वसुधाबाई अंगणात उभ्या राहिल्या, ऐकलं, माझ्याकडे पाहिलं. उत्तर चुकलं होतंच, आता किती चुकलं ते कळलं. 'पाणी' आणि 'बाथरूम कुठे' एवढंच बोलल्या. बाथरूम त्यांना माहीत आहे.

सामंत मागच्या खिडकीशी बराच वेळ उभे. "हं," म्हणाले. हं म्हणजे काय, विचारायचा धीर झाला नाही. जेवायला सिंधूचं पिठलं, भाकरी, ठेचा. दुसरी भाकरी मागून घेतली, तेव्हा सिंधूचा चेहरा पडला. तिला कळेना खूश व्हावं की नाही. जेवून ते वर गेले, दार लावून घेतलं. वसुधाबाईंनी बाहेर पॅसेजमध्ये खुर्ची ओढली आणि बसल्या.

दत्ता फाटकाबाहेर मोटारसायकलवर बसून आहे. आत येत नाही, जातही नाही. सिंधूला फाटकातूनच विचारलं, "झोपलं का?"

चार वाजता मी चहा घेऊन वर गेले. गुडघ्यांनी आपलं म्हणणं मांडलं. दार बंदच. प्रेस: धप्प, धप्प. मी पायरीवर टेकले. खूप वेळाने वसुधाबाई दाराकडेच बघत हळू म्हणाल्या, "जागे असले की खोकतात. नुसते पडले असले तरी."

"खोकले?"

"ह्या आवाजात कळतं का काही?"

बरोबर होतं. दार वाजवायला त्या तयार नाहीत. मीही नाही. झोपले असले तर उठतील, जागे असले तर ते कळेल.

सिंधू खालून ओरडली, "बाई, आनखी च्या टाकू का?" आम्ही दोघींनी एकदमच तिला हाताने गप्प केलं. ती खालच्या पायरीवर बसली, पदर तोंडाला लावून.

मग पाळी बदलायची वेळ झाली आणि प्रेस थांबली. बाहेर लोक सायकली, मोटारसायकली काढत होते, कुणीतरी कुणाला 'भावा' म्हणून हाक मारली. वसुधाबाई दाराला कान लावून उभ्या. आतून काही नाही. खोकला नाही, पलंगाची करकर नाही. पण नुसतं एवढ्यावरून काय कळणार.

प्रेस पुन्हा सुरू झाली.

वसुधाबाई शेजारच्या खोलीत गेल्या, तिथली खुर्ची उचलून आणली आणि आपल्या खुर्चीशेजारी ठेवली. म्हणाल्या, "पायरीवर नका बसू. गार आहे."

त्या खुर्चीत बसून हे लिहितेय. पावणेसहा वाजले. दार अजून बंद आहे.