तुलनेचा नमुना

४ फेब्रुवारी
आलो एकदाचे. मी, सासूबाई आणि माझी तीन वर्षांची लेक. तिचं खरं नाव शाळेत घालताना वापरू. घरात ती भिंगरी, कारण एका जागी ठरत नाही. नवरा जहाजावर, त्यामुळे कुठलं सामान कुठे ठेवायचं यावर वाद घालायला आम्ही दोघीच होतो, आणि तेवढ्या पुरेशा होतो. गेल्या उन्हाळ्यात डोंगरावरचा वणवा शहरात उतरला आणि हा सगळा भाग जळाला. आमच्या रस्त्यावर एकच घर उभं राहिलं. माझ्या नव्या ऑफिसने तेच आम्हाला राहायला दिलंय. नवा पांढरा रंग, मोठ्या खिडक्या, स्वयंपाकघरात भरपूर ऊन. सासूबाईंनी चारी खोल्या पाहिल्या आणि नाक मुरडलं नाही. तारखेसकट नोंदवून ठेवतेय.

६ फेब्रुवारी
काम समजलं. राख उचलून दुरुस्त केलेल्या घरांत जायचं, ओल्या पट्टीने जमीन आणि खिडकीचे कठडे पुसायचे, पट्टी बाटलीत बंद करून प्रयोगशाळेत द्यायची. घरांचे जुने रंग, गाड्यांच्या बॅटऱ्या, सगळ्यांतलं शिसं जळून राखेत उतरलंय, आणि लहान मुलांना ते फार वाईट. अहवाल चांगला आला की मी सही करते आणि कुटुंब घरी परततं.

प्रत्येक खेपेला एक तुलनेचा नमुनाही लागतो, आगीची झळ न लागलेल्या स्वच्छ जागेचा. त्याच्यापेक्षा जास्त निघालं तरच घर नापास. माझ्या आधीचा माणूस त्यासाठी तासभर गाडी चालवून शहराबाहेर जायचा. मी म्हटलं, आमचं घर जळलेलं नाही आणि दिवसातून तीनदा झाडलं जातं, याहून स्वच्छ काय मिळणार? साहेबांना एकदम पटलं. सासूबाईंना सांगितलं तर दिवसभर त्या माझ्याशी गोड बोलत होत्या.

२० फेब्रुवारी
एकवीस घरं झाली, सगळी पास. बेकरीशेजारच्या घरातली बाई नऊ महिने नातेवाइकांकडे राहत होती. मी सही केल्यावर माझा हात धरून रडली. कडेवरचं बाळ माझ्या पेनाला झोंबत होतं. घरी येताना मी चक्क गुणगुणत होते.

आमच्याकडे मात्र सकाळी टेबलावर बारीक धूळ दिसते. सासूबाई म्हणतात, तुझ्या बुटांतून येते. बूट तर मी दाराबाहेर काढते. त्यांनी झाडायची चौथी पाळी सुरू केली आहे.

२ मार्च
भिंगरी पलंगाशेजारच्या खिडकीच्या कठड्याला जीभ लावताना सापडली. रागावले. म्हणाली, गोड लागतं. मी हसले, आणि ऑफिसात गंमत म्हणून सांगितलं. सगळे हसले, फक्त प्रयोगशाळेतल्या बाई हसल्या नाहीत. कुठली खिडकी, असं त्यांनी दोनदा विचारलं.

९ मार्च
भिंगरीचं पोट दुखतंय. जेवत नाही, हात लावला की किंचाळते. सासूबाईंच्या मते इथलं पाणी मानवलं नाही. मी त्यांना उगाचच तोडून बोलले. मला काळजी वाटतेय आणि ती त्यांच्यावर निघतेय, एवढंच.

१४ मार्च
तिला ‘निळा’ आठवेना. काल येत होतं. निळा कप हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

दुपारी प्रयोगशाळेतल्या बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, शिसं चवीला गोड लागतं. माझ्यापर्यंत येणाऱ्या कागदावर फक्त फरक छापलेला असतो: जास्त आढळले नाही, जास्त आढळले नाही. त्यांनी मूळ आकडे दाखवले. बेचाळीस घरं. बहुतेक सगळ्यांत शिसं. आणि सगळ्यांत जास्त जिथे, ते आमचं घर. त्याच्याशी ताडून बघितल्यावर कुठलंही घर पासच होणार. माझी कल्पना होती ही. मी केवढी मिरवली होती.

१५ मार्च
स्टुलावर चढले. तिच्या पलंगावरच्या छताची एक फळी सरकवली. राख. वीतभर. आगीच्या वाऱ्याने छपराच्या फटींतून आत भरलेली, आणि खालून नवा पांढरा रंग. दार आपटलं की झिरपते. पंखा लावला की. आणि आम्ही कोरड्या झाडूने रोज चार वेळा ती उडवत होतो—
सासूबाईंना दाखवलं. झाडू हातात घेऊन खालीच बसल्या.

१६ मार्च
लॉजमध्ये आलो. कपडेसुद्धा तिथेच टाकले. भिंगरीचं रक्त तपासायला दिलं. ती रडली नाही. सुईकडे बघत बसली. ती रडायला हवी होती.
साहेबांना सगळं सांगितलं. म्हणाले, मीटिंग लावतो, तोवर कुणाला घाबरवू नका, लोक आता कुठे स्थिरावताहेत.

१७ मार्च
नाही राहवलं. बेकरीशेजारी गेले. बाळ रांगत होतं, हात तोंडात. म्हटलं, आजच बाहेर पडा. ती हसली. म्हणाली, उगाच घाबरता. भिंतीवर चौकटीत लावलेला कागद दाखवला. माझी सही.
पुढचं दार. तेच. त्यापुढचं— माझी सही, माझी सही—

१८ मार्च
डॉक्टरीणबाईंचा फोन. आत्ताच. आवाज मोकळा. म्हणाल्या, काळजी नको, मुलीच्या रक्तातलं शिसं नेहमीसारखंच आहे.
भिंगरी कोपऱ्यात. हाक मारली. वळली नाही.
विचारलं, नेहमीसारखं म्हणजे कुणासारखं?
म्हणाल्या, महिनाभर इथे परतलेल्या मुलांचं रक्त तपासतोय. सगळ्यांचं एवढंच येतं. म्हणून आम्ही तेच प्रमाण धरलं—
घरं विचारली. त्या यादी वाचताहेत. फोन कानाशी. लिहून घेतेय.
बेकरीशेजारचं. चढावरचं. पाण्याच्या टाकीजवळचं. जुळ्या मुलींचं— दोघींचं— शाळेमागची ओळ, ओळच्या ओळ— सगळी माझी— अजून वाचताहेत— कोपऱ्यावरचं, हिरव्या दाराचं, त्याच्या शेजा