अप्परची वायर

२ डिसेंबर, सोमवार. काटेवाडी.

आज सामान लागलं. खोली वरच्या मजल्यावर आहे. तीन बाजूंनी ऊस, चौथीकडे पेरूची बाग. नाशिकच्या फ्लॅटमध्ये वर्षभरात आली नसेल एवढी हवा इथे एका दुपारी आली, असं आईला फोनवर सांगितलं. तिने लगेच स्वेटर कुठे ठेवलाय ते विचारलं.

दूध संघाची पशुवैद्य म्हणून माझ्याकडे बारामती आणि इंदापूर, दोन्हीकडची मिळून एकवीस गावं आहेत. गायी माझी वेळ बघून विणार नाहीत, म्हणजे गाडी हवीच. तो प्रश्न आल्याआल्याच सुटला. घरमालक रामहरी तात्या खाली एकटेच राहतात (काकू नातवंडांपाशी पुण्याला असतात). त्यांच्या शेडमध्ये अठ्ठ्याण्णव सालची पांढरी गाडी ताडपत्रीखाली पडून होती. म्हणाले, "चालवा की, डॉक्टर. नुसती गंजत पडलीय." नवी बॅटरी टाकली, टायरमध्ये हवा भरली, आणि दुसऱ्या झटक्याला चालू! मी चक्क टाळ्या वाजवल्या. तात्या मात्र हसले नाहीत. दिवस मावळायच्या आत घरी येत चला, एवढंच म्हणाले. वडीलकीचं बोलणं. बरं वाटलं.

५ डिसेंबर, गुरुवार.

दिवस मावळायच्या आत म्हणे. इंदापूरकडच्या एका वस्तीवर वासरू अडलं होतं. सोडवून निघाले तेव्हा पावणेसात वाजले होते. हेडलाइट लावले की नाहीत ते उतरून बघावं लागलं. पिवळट, मेलेले. सणसरच्या अलीकडे उसाची जोडट्रॉली पुढे आहे हे मला ट्रॉलीच्या मागच्या फळीवरचं नाव वाचता आलं तेव्हा कळलं. ट्रॉलीला मागे दिवा नाही, मला पुढे नाही. 

बारामतीत विजयसिंह म्हणून वायरमन आहे. त्याने मीटर लावला. बॅटरीपाशी साडेबारा व्होल्ट, बल्बपाशी जेमतेम दहा. जुन्या गाड्यांत सगळा करंट डॅशबोर्डच्या बटणातून फिरून येतो आणि वायरी केसासारख्या बारीक, त्यामुळे निम्मा जीव वाटेतच जातो, असं त्याचं म्हणणं. दोन रिले टाकायचे, एक लोअरला, म्हणजे जवळच्या उजेडाला, एक अप्परला, म्हणजे लांबच्या. बॅटरीपासून थेट जाड वायर, नवे होल्डर, नवे लाइट. बटणाने फक्त हुकूम द्यायचा, काम रिलेने करायचं. मला ते इतकं पटलं की लगेच हो म्हटलं. "परवा करून देतो की, म्याडम."

९ डिसेंबर, सोमवार.

परवा गेला, तेरवा गेला. सामान पुण्याहून यायचंय. मग आलं ते दुसऱ्याच मॉडेलचं आलं. मग विजयसिंहाच्या मेव्हण्याचं लग्न. तीन दिवस संध्याकाळचे कॉल मी नाकारतेय, आणि एका शेतकऱ्याने फोनवर ऐकवलं की आधीचे डॉक्टर मोटारसायकलवर यायचे पण यायचे.

त्यात तात्यांचं निराळंच. वायरिंग बदलायला काढलंय म्हटल्यावर जेवता जेवता त्यांचा घास हातातच राहिला. लोअर करा, अप्परला हात लावू नका म्हणाले. का, तर गरज न्हाय. मी म्हटलं, अंधारात चारशे फूट पुढचं दिसायला नको का? ते ताट तसंच ठेवून उठले. गाडी माझी नाही, त्यामुळे जास्त बोलता येत नाही. चिडचिड नुसती.

१४ डिसेंबर, शनिवार.

झालं एकदाचं. अख्खा दिवस विजयसिंहाच्या पत्र्याखाली बसून काढला. डॅशबोर्ड उघडल्यावर त्याने मला हाक मारली. अप्परची वायर आत कापलेली होती. झिजलेली नाही, उंदराने खाल्लेली नाही. पक्कडीने सरळ तोडलेली, दोन्ही टोकांना व्यवस्थित टेप गुंडाळून परत जुडग्यात बांधलेली. "कुनीतरी जाणूनबुजून कापलीय. पण असं कोन करंल?" मी म्हटलं, जोडून टाक.

आता बल्बपाशी सव्वाबारा. संध्याकाळी पत्र्याच्या भिंतीवर उजेड टाकला तर भिंत दुधासारखी पांढरी झाली. लहान मुलासारखी मी चार वेळा लोअर-अप्पर करून बघितलं.

१५ डिसेंबर, रविवार.

मुद्दाम संध्याकाळी निघाले. सणसरच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, अप्पर टाकला. कडेचा ऊस पात्यापात्यानिशी दिसत होता. उजेड जिथे संपतो तिथे, रस्त्याच्या मधोमध, एक माणूस उभा होता. उजवा हात कोपरातून मोडून डोळ्यांवर आडवा धरलेला. बिचाऱ्याचे डोळे दिपले असणार म्हणून मी लोअर केला. जवळ गेले तर कोणी नाही. उसात शिरला असेल.

१७ डिसेंबर, मंगळवार.

आज सोमेश्वरनगरच्या बाजूला. म्हणजे पार दुसऱ्या टोकाला. ऊसतोड टोळीच्या झोपड्या मागे पडल्यावर अप्पर टाकला आणि तोच माणूस. तसाच हात, कोपर विचित्र बाहेर वाकलेलं. या वेळी निम्म्या अंतरावर. चौकडीचा शर्ट अंगाला चिकटलेला. पँटमधून पाणी गळत होतं, खाली डांबर ओलं होत होतं. मी ब्रेक दाबला, लोअर केला. रस्ता रिकामा. पुन्हा अप्पर केला नाही.

घरी येऊन तासभर स्वतःशीच वाद घातला. दमणूक, झोप नाही, नवे प्रखर दिवे. डॉक्टर आहे मी.

१८ डिसेंबर, बुधवार.

अप्पर बंद! फ्यूज बघितला, ठीक. विजयसिंहाने उघडलं तर वायर पुन्हा कापलेली. त्याच जागी. त्याला वाटतंय मी त्याच्या कामाची परीक्षा घेतेय, मला वाटतंय तो मला मूर्ख समजतोय. दोघं भर रस्त्यात भांडलो. वायर जोडून त्याने त्यावर जाड नळी चढवली आणि परत येऊ नका म्हणाला.

तिथेच, भर दुपारी, बटण बंद असताना अप्पर आपोआप लागला. रिले चिकटला असेल, असं विजयसिंह म्हणाला. पण रिले हातात काढून घेतल्यावरही दिवे चालूच होते. बॅटरीची तार काढली तेव्हा गेले. त्याने पक्कड पेटीत टाकली आणि पैसेही न घेता आत निघून गेला.

२१ डिसेंबर, शनिवार. सांगवी.

हे इथेच लिहितेय, गोठ्याबाहेर बसून. मला लगेच लिहून ठेवायचंय.

रेश्मा म्हणून बाई आहे, माझ्याच वयाची. तिची गाय व्याली होती, जार (वार) आत अडकला होता. काम झाल्यावर हात धुवायला घरात गेले. भिंतीवर नवऱ्याचा फोटो, हार नसलेला. माझी नजर गेलेली बघून ती सांगू लागली. नाव रणजित. सहा वर्षांपूर्वी इंदापूरला गाय बघायला म्हणून मोटारसायकलवर गेला तो आलाच नाही. गाडीही सापडली नाही. गाव म्हणतं दुसरी केली, मुंबईला ऱ्हातो. सासू तिलाच बोल लावते. "मला खरं कळलं तरी बास हाय, ताई. ग्येला तर ग्येला म्हणंन. पण अशी मधीच किती दिस ऱ्हाऊ?"

फोटोत तो बैलाच्या वशिंडावर हात टाकून उभा आहे. लहानपणी झाडावरून पडल्यामुळे उजवं कोपर बाहेरच्या अंगाला वाकडं जुळलेलं, असं तीच म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

मी ते कोपर ओळखलं.

तिला काय सांगणार होते? चहा घेतला.

२४ डिसेंबर, मंगळवार.

तीन दिवस गाडी काढली नाही. बॅटरीची तार काढून ठेवली आहे.

आज साडेसातला शेडमध्ये उजेड. खिडकीतून बघितलं. दोन्ही दिवे, अप्पर, समोरच्या भिंतीवर. भिंतीवर सावली होती, हात डोळ्यांवर धरलेल्या माणसाची. भिंत आणि गाडीच्या मध्ये कोणी नव्हतं.

तात्या ओट्यावर बसून तिकडेच बघत होते. त्यांना दिसत होती. मला त्यांच्या तोंडावरून कळलं.

२६ डिसेंबर, गुरुवार.

पहाटे शेडमध्ये खुडबुड. टॉर्च घेऊन गेले. तात्या डॅशबोर्डखाली आडवे पडलेले, हातात पक्कड. नळी फाडून वायर तोडत होते. एवढ्या दिवसांचा राग एकदम वर आला. ओरडले मी. वडीलधारा माणूस, काय बोलले ते लिहवत नाही.

ते उठले नाहीत. तसेच पडून बोलले.

सहा वर्षांपूर्वी त्यांनीच गाडीला झगझगीत बल्ब लावले होते. हौस. इंदापूरहून येताना, सणसरच्या पुढे, वळणावर, समोरून मोटारसायकल आली. पोराने हात डोळ्यांवर धरला, लाइट पाडा, लोअर करा म्हणून ओरडला. तात्यांनी पाडला नाही. आधी समोरच्याने का म्हणून पाडू नये, एवढाच विचार. वळणाच्या आत जुनी विहीर आहे, कठडा नसलेली. पोरगं गाडीसकट आत.

तात्या काठाशी गेले. आतून हाका येत होत्या.

"सोसायटीच्या निवडणुकीला मी उभा हुतो, मतदान चार दिसांवर हुतं, डॉक्टर. मला वाटलं, कुनीतरी ईल. कुनीतरी काढंल." घरी येऊन त्यांनी वायर तोडली. सकाळी गेले तर विहीर गप्प. वरून बाभळीच्या फांद्या टाकून आले.

किती वेळ हाका ऐकल्या, विचारलं. ते म्हणाले, अजून ऐकतोय.

२७ डिसेंबर, शुक्रवार.

सांगितलं त्यांना. सांगवीला जाऊन रेश्माला तुम्ही सांगा, नाहीतर उद्या मी सांगते. त्यांनी वाद घातला नाही. आधी विहिरीवर जायचं म्हणाले. त्याची माफी मागतो, मग बाईची, मग पोलिसात.

वायर मीच जोडली, बॅटरीची तारही. त्यांनीच सांगितलं जोडायला. अप्पर नसंल तर तो दिसायचा न्हाय, म्हणाले.

मला भीती वाटतेय. पण रेश्मा सहा वर्षं मधेच उभी आहे.

२८ डिसेंबर, शनिवार. सकाळ, सहा दहा.

विहिरीपाशी. गाडीत. दारं लावून. लिहितेय म्हणजे निदान हात तरी काहीतरी करतोय.

धुकं.  वळणावर गाडी विहिरीकडे तोंड करून उभी केली. ते उतरले. मला अप्पर टाकायची खूण केली. टाकला.

काठावर तो उभा होता. पाठमोरा. तात्या चप्पल काढून त्याच्याकडे गेले. हात जोडलेले. काहीतरी बोलत होते, काचेतून ऐकू येत नव्हतं. मग त्यांनी स्वतःहून त्याचा हात धरला. त्या वाकड्या कोपराला.

दोघं उतरले. पायऱ्या उतरावं तसे. तिथे पायऱ्या नाहीत.

आवाज झाला. एकच.

सहा वीस.

हाका मारल्या. काठापर्यंत गेले. बाभळीच्या फांद्या बाजूला झालेल्या, पाणी हलतंय. तात्या दिसत नाहीत. पोलिसांना फोन केला, निघाले म्हणतात. गावच्या पोलीस पाटलांनाही. वीस मिनिटं लागतील. गाडी सुरू होत नाही. अप्पर बंद होत नाही. तार काढली. तरी —

सहा पंचवीस.

काठावर हात. आधी एक. कोपर बाहेरच्या अंगाला —

तात्या नाहीत. एकटाच वर आला.

आता डोळ्यांवर हात नाही. उजेडात सरळ चालतोय. दिपत नाही त्याला. मी बघत नाही. वहीत बघतेय.

बॉनेटपाशी — थांबला नाही. माझ्या दारापाशी — नाही. पुढे गेला.

मागचं दार. मी लावलं होतं, सगळी लावली होती —

गाडी एका बाजूला बसली. शेवाळाचा वास. सीटवरून पाणी खाली पडतंय, ऐकू येतंय. आरशात बघणार नाही.

दार लावून घेतलं त्याने. हळूच. दुसऱ्याच्या गाडीत बसल्यावर लावतात तसं.

इंजिन आपोआप —

बोलतोय. अगदी साध्या आवाजात, थकलेल्या माणसाच्या. ताई म्हणाला. ताई, सांगवीला सोडता का, घरी वाट बघत —