मेथीच्या वाफ्यात

मंगळवार, दिवेलागण

नेहाला शाळेत इंग्रजीचा अभ्यास दिलाय, घरात कोण काय एन्जॉय करतं ते लिहायचं. बाबांचं क्रिकेट लिहून झालं. मग मला म्हणे, "आई, तू काय एन्जॉय करतं?"

"म्हंजे काय वं?"

"ज्याच्यात वेळ गेलेला समजत नाई, ते."

"लिही तुह्या मनानं," म्हटलं आणि मेथी ओलायला मळ्यात गेले.

पाणी पावलांवरून सरकत वाफ्यात शिरलं. गारेगार. वाफा भरला की फावड्यानं माती सारून पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं, एवढंच काम. पण मी उभीच. कशाचा विचार करत होते? कशाचाच नाही बहुतेक. पाण्यात आभाळ हलत होतं. शेवटी वाफा फुटला, पाणी धुऱ्याच्या बांधावरून रस्त्यावर गेलं, तेव्हा हे ओरडले, "काहून वं, ध्यान कुठी हाय तुहं?"

घरी येऊन नेहाला वही वाचायला लावली. तिनं लिहिलं होतं, आई काम एन्जॉय करते.

पावलं अजून गार होती.

"खोड ते. लिही, आई पाण्यात उभी राह्यते."

"नुस्ती उभी?"

"हाव. नुस्ती."