सोमवारची फेरी

प्रिय भुंग्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसले. आधी एक कबूल करते. बाबांच्या अंत्यविधीला 'रजा मिळत नाही' एवढाच निरोप तू पाठवलास, तेव्हा मी मनातल्या मनात तुला नको नको ते बोलले. तो राग आता उरलेला नाही. का, ते सांगते, पण जरा दमाने वाच.

त्या दिवशी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. प्रार्थनाघरातले झाडून सगळे आले होते, शिवाय बाबांच्या खुर्चीत बसून गेलेली तीन पिढ्यांची डोकी. एका न्हाव्यासाठी एवढी माणसं! आई गेल्यावर माझी वेणीसुद्धा तेच घालायचे, इतकी घट्ट की शाळेत माझे डोळे तिरळे दिसत. सोमवारी दुकान बंद असे, पण त्यांना सुट्टी नसे. दुपारी पेटी उचलायची आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जायचं. कुणाची दाढी, कुणाचे केस, कुणाची नखं. कुणी गेलं, तर त्याची शेवटची दाढीही तेच करायचे. वस्तरा लावण्याआधी डोक्यावर हात ठेवून पुटपुटत प्रार्थना करायची. म्हणायचे, "देवाला लांबूनही ऐकू येतं गं, माणसाला हात लावल्याशिवाय कळत नाही."

बाबांना जाऊन नऊ दिवस झाले, तो सोमवार होता. म्हटलं, त्या घरांत आपणच जाऊन सांगावं की आता दुसरं कुणी बघा. पहिलं घर पोस्टमनकाकांचं. त्यांचं एक अंग लुळं पडलंय, म्हणून बाबांचं त्यांना कळू दिलेलं नव्हतं. काकू दारातच उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक. मला म्हणाल्या, "मी तुमच्याकडे अंत्यविधीला आले होते ना गं?" मी हो म्हटलं, तेव्हा त्यांनी फक्त आत बोट दाखवलं. काकांची दाढी गुळगुळीत झालेली, खोलीभर तुरटीचा वास. काका खुशीत होते. "अगं, आत्ताच गेले. जिन्यात भेटले नाहीत?" काकू तेवढा वेळ मागे कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी कुणालाच पाहिलं नव्हतं.

तिथून शिंपीणबाईंकडे गेले. त्यांची नखं कापून झालेली, आणि कापलेली नखं कागदाच्या पुडीत बांधून उशाशी ठेवलेली. मी काही न सांगताच घरी आले. कपाट उघडलं. पेटी होती तिथेच होती, कुलूपबंद.

कुणीतरी भला माणूस गुपचूप करत असेल, अशी मी मनाची समजूत घातली. तरी परवाच्या सोमवारी पेटी मांडीवर घेऊन दुपारभर दुकानात बसले. कुणी आलं नाही, पेटी हलली नाही. चार वाजता उठून तडक मास्तरांकडे गेले. तुला गणितात भोपळा देणारे मास्तर, आता ते कुशीवरसुद्धा वळू शकत नाहीत. त्यांचे केस नुकतेच कापलेले होते. डावा कल्ला उजव्यापेक्षा बोटभर वर. डावखुऱ्या बाबांच्या हातून जन्मभर तसाच राहिला, ठाऊक आहे ना तुला?

मास्तरांना सगळं माहीत आहे. म्हणाले, "तुझा बाप गेलाय ते मला कळतं, पोरी. पण आलेल्या माणसाला तू मेलास असं तोंडावर कसं सांगू?" मग म्हणाले, "पुढच्या सोमवारी यायला जमणार नाही म्हणाला. लेकाकडे जायचंय, लांबचा पल्ला आहे म्हणाला."

मला रडू फुटलं ते आनंदाने. घर सोडताना तू त्यांना म्हणाला होतास, "मेलेल्यांच्या गालाला लावलेला हात माझ्या गालाला लावू नका." त्यावर बाबा अकरा वर्षांत एक शब्दही बोलले नाहीत. वाटलं, चला, राग विसरले एकदाचे. पण मास्तरांचा उंबरा ओलांडताना मी जागच्या जागी थिजले. बाबा धडधाकट माणसाकडे पेटी घेऊन कधी गेलेच नाहीत रे. ज्याला चालता येतं त्याने दुकानात यावं, हा त्यांचा नियम. ते घरी जायचे ते दोघांकडेच. ज्याला उठता येत नाही त्याच्याकडे, नाहीतर जो पुन्हा उठणारच नाही त्याच्याकडे, शेवटच्या दाढीसाठी.

म्हणजे रजेचं खोटं होतं. फोन न उचलणंही त्यातलंच. किती दिवस झाले तुला अंथरुणावर? कुणी आहे का जवळ? पाणी कोण देतं? मी आज बुधवारी हे टाकतेय, शनिवारपर्यंत मिळावं. रविवारच्या गाडीने मी निघतेय, सोमवारी दुपारच्या आत पोहोचते. घाबरू नकोस. फक्त दाराला आतून कडी लावू नकोस. आम्हा दोघांपैकी आधी कोण पोहोचेल, सांगता येत नाही.

तुझीच,
ताई