बाजाराचं छप्पर

४ मार्च
निवडणुकीचा अर्ज भरला. तिसऱ्यांदा! पहिल्या खेपेला कचेरीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं होतं, 'धंदा?' मी म्हटलं, 'धान्याचा व्यापारी.' आज तोच उठून उभा राहिला. खुर्ची स्वतः पुसली.

पाठीवर पोती वाहिलेला माणूस मी. आता प्रांताच्या सभेत बोलायला उठलो की शिकलेसवरलेले गप्प बसून ऐकतात. का नाही लिहायचं? वहीत तरी माणसाने आपली पाठ आपण थोपटावी!

६ मार्च
माझ्याविरुद्ध कोण उभं राहिलंय? चाळणवाली! धान्यबाजारात एकोणीस वर्षं आमचंच धान्य चाळत बसलेली. धाकट्या भावाने बातमी आणली. हसून हसून त्याची मुरकुंडी वळली. मीही हसलो.

ही मात्र हसली नाही. "अहो, ती बाई एक खडा सोडत नाही. जपून."

बायकोला राजकारण काय कळतं!

१३ मार्च
धान्यबाजारात सभा. छपराखाली. हे छप्पर मी आणलं — चार वर्षं भांडून. आधी एक सर आली की पोतीच्या पोती भिजायची. आज तिथेच उभा राहून बोललो. टाळ्या थांबेनात.

तेवढ्यात मागून चाळणवाली उठली. "शेठ, एक विचारू?"

"विचार की."

"छप्पर झकास झालं. पण तिन्ही बाजूंनी भिंतीही घातल्यात. आधी चाळताना भुसा वाऱ्यावर जायचा. आता आमच्या छातीत जातो. तुम्ही इथं शेवटचं कधी बसला होतात?"

लोक हसले. मी म्हटलं, "बघू." जन्मात इतकं मिळमिळीत उत्तर दिलं नव्हतं!

१४ मार्च
माझ्या छपराला नावं ठेवते! जेवण गेलं नाही.

१६ मार्च
सकाळी एकटाच बाजारात गेलो. गाडी लांब उभी केली. चाळणाऱ्या बायकांच्या रांगेत पोत्यावर बसलो आणि चाळण मागून घेतली. हात विसरला नव्हता! मनगटाला एक झटका — खडे इकडे, दाणा तिकडे. बायका बघतच राहिल्या. छाती फुगली माझी.

अर्धी पाटीही झाली नाही, तोच खोकल्याची उबळ आली. डोळ्यांतून धारा. चाळणवालीने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"तोंडाला फडकं बांधायचं असतं, शेठ."

आवाजात टोमणा नव्हता. तेच जास्त झोंबलं.

मग ती एकेकीकडे बोट दाखवून सांगत गेली — ही दोन वर्षं खोकतेय, हिला जिना चढवत नाही, त्या कोपऱ्यातलीला रात्री बसून झोपावं लागतं. अठ्ठावीस जणी. दहा वर्षं सभा गाजवली मी. त्यात या अठ्ठावीस जणी कुठेच नाहीत.

१७ मार्च
धाकट्याला म्हटलं, भिंतींचं चुकलंच आपलं, जाहीर सांगून टाकू का? तो उडालाच. "दादा, वेड लागलंय का? मतदानाला आठवडा राहिलाय!"

विषय सोडून दिला. मान खाली घालायची सवय नाही मला. पस्तीस वर्षांत कुणी घालायला लावली नाही.

२४ मार्च
मत देऊन आलो. बाहेर फोटोवाला — 'साहेब, हसा!' हसलो.

२७ मार्च
निवडून आलो! अठराशे मतांनी. गळ्यात मावेनात एवढे हार, धाकटा नाचतोय, हिच्या डोळ्यांत पाणी. सकाळी गवंडी लावून बाजाराच्या दोन भिंती पाडायच्या आहेत — ते सगळ्यांना सांगेन. एक मात्र कुणालाच सांगता यायचं नाही. माझं मत मी चाळणवालीला दिलं होतं.